बर्फाखाली गेलेली दक्षिण गंगोत्री

मे महिन्यात उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. दौंडहून भीमेच्या कडेने इंदापूरच्या बाजूला ज्यांचं जाणं-येणं आहे, त्यांच्या हे परिचयाचं आहे. आधी शिखर दिसतं, मग खालचं दगडी काम हळूहळू मोकळं होतं, आणि धरणात घरदार गेलेली म्हातारी माणसं नातवंडांना घेऊन तिथे जातात. भारताची अशीच एक वस्ती पृथ्वीच्या दक्षिण टोकाला गाडली गेली आहे. ती मात्र बर्फाखाली आहे, आणि कोणताही उन्हाळा तिला वर आणणार नाही.

त्या वस्तीचं नाव दक्षिण गंगोत्री. दक्षिण गोलार्धात ७० अंश अक्षांश आणि १२ अंश पूर्व रेखांशाच्या आसपास, अंटार्क्टिकाच्या काठावर, १९८३-८४ च्या उन्हाळ्यात भारताने तिथे आपलं पहिलं माणसांचं संशोधन केंद्र उभं केलं. १९९० मध्ये ते सोडून द्यावं लागलं. सहा वर्षांचा हा काळ. शाळेच्या पुस्तकात त्याच्या वाट्याला एखाददुसरं वाक्य येतं, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं 'भारताचं अंटार्क्टिकावरील पहिलं केंद्र' एवढं पाठ करतात, आणि विषय संपतो. मला ही गोष्ट सविस्तर सांगावीशी वाटते, कारण ती दिल्लीत ठरली असली तरी तिचे बरेचसे धागे आपल्या भागातले आहेत: मुरगाव, दोनापावला, कुलाबा, अलिबाग, पुणे, दिघी. आपण मराठी वाचकांनी तिच्यावर हक्क सांगितला नाही, ही आपलीच कसूर.

या गोष्टीचा एक धागा आपल्या पावसातही आहे. आपले शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या आडोशाला पडतात. घाटमाथ्यावर कोसळून आलेले ढग इथे येईपर्यंत रिकामे झालेले असतात, आणि वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पदरात पडतो. घोड आणि भीमा या नद्या आहेत म्हणून ऊस दिसतो, पण नदीपासून दूर गेलं की ज्वारी-बाजरीचं रान आणि आभाळाकडे लागलेले डोळे. हा पाऊस येतो कुठून? अरबी समुद्रावरून, हे आपण म्हणतो ते खरं, पण त्याआधीचा प्रवास फार लांबचा आहे. विषुववृत्ताच्या खाली, मादागास्करच्या पूर्वेला, हिंदी महासागरात हवेचा एक जास्त दाबाचा पट्टा असतो. तिथून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडतात, आफ्रिकेच्या किनाऱ्याला घासून वळतात आणि मग आपल्याकडे येतात. त्या पट्ट्याच्या आणखी दक्षिणेला गेलं की मध्ये जमीन नाहीच, थेट अंटार्क्टिका. हिंदी महासागराची उत्तरेची भिंत भारत आहे आणि दक्षिणेची भिंत तो बर्फाचा खंड. या दोन भिंतींमधल्या हवेचा आणि पाण्याचा हिशेब समजून घ्यायचा तर दुसऱ्या भिंतीपाशीही कुणीतरी उभं राहायला हवं, असं शास्त्रज्ञांना वाटत होतं. कोरडवाहू शेतकऱ्यासाठी याहून जवळचा विषय कोणता?

अर्थात केवळ पावसासाठी कुणी जहाज सोडलं नाही. राजकारणही होतं. १९५६ मध्येच भारताने अंटार्क्टिकाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेपुढे न्यायचा प्रयत्न केला होता. तो खंड मूठभर देशांनी आपसात वाटून घेऊ नये, अशी भूमिका होती. पुढे १ डिसेंबर १९५९ रोजी वॉशिंग्टनमध्ये बारा देशांनी अंटार्क्टिका करारावर सह्या केल्या. तिथे लष्करी तळ नको, अणुस्फोट नकोत, जमिनीवरचे दावे गोठवून ठेवायचे आणि शास्त्रीय संशोधनाला सर्वांना मोकळीक, असा तो करार. चांगलाच होता. पण निर्णयात मत कुणाला, तर जे तिथे प्रत्यक्ष मोठं संशोधन करून दाखवतील त्यांनाच. १९८२ पासून तिथल्या खनिजांबद्दल वाटाघाटी सुरू झाल्या आणि बाहेर उभं राहून बघणाऱ्याला काहीच बोलता येणार नाही, हे उघड दिसू लागलं.

जुलै १९८१ मध्ये केंद्र सरकारने महासागर विकास विभाग स्थापन केला. इंदिरा गांधींनी तो स्वतःच्या देखरेखीखाली ठेवला. डॉ. सय्यद जहूर कासिम हे त्याआधी गोव्यात दोनापावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक होते. समुद्राचा माणूस, खाडीतल्या आणि किनाऱ्यावरच्या जीवसृष्टीवर आयुष्य घातलेला. पहिल्या मोहिमेचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं. तयारी गुपचूप झाली. ६ डिसेंबर १९८१ रोजी 'पोलार सर्कल' हे नॉर्वेकडून भाड्याने घेतलेलं जहाज एकवीस माणसांना घेऊन मुरगाव बंदरातून निघालं, तेव्हा ते नेमकं कुठे चाललं आहे हे फार थोड्यांना ठाऊक होतं.

गोव्याहून अंटार्क्टिका सरळ रेषेत मोजलं तरी नऊ हजार किलोमीटरहून जास्त भरतं. दक्षिणेला चाळीस अंश ओलांडले की वाऱ्याला अडवायला कुठे जमीनच नसते, त्यामुळे समुद्र सदासर्वकाळ खवळलेला. त्यानंतर हिमनग, मग तुटक्या बर्फाची चादर. ९ जानेवारी १९८२ रोजी ही माणसं बर्फावर उतरली. तिथे ती दहा दिवसच राहिली, पण तेवढ्यात त्यांनी आपोआप चालणारं, माणसांशिवायचं हवामान केंद्र उभं केलं आणि त्याला दक्षिण गंगोत्री हे नाव दिलं. २१ फेब्रुवारीला जहाज गोव्यात परत आलं. त्या एकवीस जणांची नावं कोरलेला फलक दक्षिण गंगोत्रीवर बसवण्यात आला आणि अंटार्क्टिका कराराच्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत आज त्याचा क्रमांक ४४ आहे.

दुसरी मोहीम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे व्ही. के. रैना यांच्या नेतृत्वाखाली गेली आणि कायमच्या केंद्रासाठी जागेची पाहणी करून आली. १९ ऑगस्ट १९८३ ला भारत करारात सामील झाला आणि १२ सप्टेंबरला मताचा अधिकार असलेला सदस्य झाला. नवख्या देशाला इतक्या लवकर हा दर्जा मिळावा हे थोडं नाही. दोन उन्हाळ्यांत दोन मोहिमा पाठवल्याचं ते फळ होतं. आता हिवाळाभर राहून दाखवणं बाकी होतं.

तिसऱ्या मोहिमेचे नेते होते डॉ. हर्ष गुप्ता. हे नाव महाराष्ट्राने विसरू नये. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतर धरणातलं पाणी आणि भूकंप यांचा संबंध उलगडण्यात ज्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं घातली, तेच हे भूकंपशास्त्रज्ञ. कोयनेच्या खडकाचा अभ्यास करणारा माणूस आता अशा जागी घर बांधायला निघाला होता, जिथे पायाखाली खडकच नव्हता.

कारण जागा निवडली होती ती जमिनीवरची नव्हतीच. अंटार्क्टिकावरचा बर्फ स्वतःच्या वजनाने हळूहळू समुद्राकडे सरकतो आणि किनाऱ्याला आला तरी तुटून न पडता शेकडो मीटर जाडीच्या फळीसारखा पाण्यावर तरंगत राहतो. दक्षिण गंगोत्री अशा तरंगत्या बर्फावर होती. खाली समुद्र, वर सपाट पांढरं पठार. ही जागा का घेतली, याचं उत्तर व्यवहाराचं आहे. जहाज बर्फाच्या कडेला लागतं, तिथून सामान उतरवायचं, आणि उन्हाळ्याचे जेमतेम दोन महिने हाताशी. समुद्र पुन्हा गोठायच्या आत काम संपवून जहाजाने निघालंच पाहिजे, नाहीतर जहाज अडकलं. आतल्या बाजूला खडकाळ जमीन होती, पण शेकडो टन सामान तिथवर न्यायची साधनं आणि अनुभव आपल्याकडे त्या वेळी नव्हते.

डिसेंबर १९८३ च्या सुरुवातीला 'फिनपोलारिस' हे फिनलंडचं जहाज एक्याऐंशी जणांना घेऊन गोव्याहून निघालं आणि महिनाअखेरीला बर्फाला लागलं. त्यात शास्त्रज्ञ होते, नौदल आणि हवाई दलाची माणसं होती, आणि घर बांधायला लष्कराचे अभियंते व जवान. त्या दिवसांत तिथे सूर्य मावळत नाही. त्यामुळे दिवस आणि रात्र असा भेद उरत नाही. थकवा येईल तेव्हा रात्र म्हणायची. आधीच तयार करून नेलेले भाग जोडायचे, वारा उठला की सगळं टाकून आत पळायचं, वारा पडला की पुन्हा बाहेर. आठ आठवड्यांत घर उभं राहिलं. २६ जानेवारी १९८४ चा प्रजासत्ताक दिन तिथेच साजरा झाला आणि शेजारच्या रशियन व पूर्व जर्मन केंद्रांवरची माणसं पाहुणी म्हणून आली. शीतयुद्धाच्या काळात त्या बर्फावर शेजारधर्म पाळला जात होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

या एक्याऐंशींमध्ये दोन स्त्रिया होत्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या त्या पहिल्याच. एक भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता, दुसऱ्या समुद्रशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत. अदितीबाईंबद्दल इथे थांबून सांगायला हवं. त्या औंधच्या पंतप्रतिनिधींच्या घराण्यातल्या. ज्यांनी राजा असूनही रोज सूर्यनमस्कार घातले, प्रजेलाही घालायला लावले, चित्रं काढली, संग्रहालय उभारलं आणि १९३८-३९ मध्ये आपणहून राज्याचा कारभार लोकांच्या हाती दिला, त्या भवानराव पंतप्रतिनिधींची ही नात. वडील अप्पासाहेब पंत राजदूत, आई नलिनीदेवी शल्यविशारद. अदिती पंत १९४३ मध्ये नागपुरात जन्मल्या. पुणे विद्यापीठातून पदवी घेतली, मग हवाई विद्यापीठात आणि पुढे लंडनला समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींचा अभ्यास केला. ॲलिस्टर हार्डी यांच्या 'द ओपन सी' या पुस्तकाने आपल्याला या वाटेला लावलं, असं त्या सांगत. १९७३ मध्ये त्या दोनापावलाच्या संस्थेत आल्या.

त्यांचं काम काय होतं, हे कळलं की अंटार्क्टिकाकडे बघण्याची नजर बदलते. वरवर बघता तो समुद्र ओसाड वाटतो, पण त्याच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती असतात. उन्हाळ्यात चोवीस तास ऊन मिळालं की त्या भराभर वाढतात, त्यांच्यावर कोळंबीसारखा क्रिल जगतो, क्रिलवर पेंग्विन, सील आणि देवमासे. म्हणजे त्या अवाढव्य देवमाशाचं पोट शेवटी एका थेंबातल्या हिरव्या कणाशी बांधलेलं. त्या कणाने किती प्रकाश घेतला आणि किती अन्न तयार केलं, हे मोजणं अदितीबाईंचं काम. थंडीने बोटं बधिर होत असताना, डोलणाऱ्या डेकवरून बाटल्या समुद्रात सोडायच्या, ठरलेल्या खोलीवरचं पाणी वर आणायचं, गाळायचं, तपासायचं. सूर्यनमस्कारांचा पुरस्कार करणाऱ्या राजाची नात सूर्य न मावळणाऱ्या मुलखात सूर्याच्या उजेडाचा हिशेब मांडत होती. पाचव्या मोहिमेत त्या पुन्हा गेल्या. नंतरची काही वर्षं त्यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काम केलं. त्यांचं चरित्र आपल्या शाळांच्या वाचनालयात असायला हवं.

उन्हाळा संपता संपता जहाज परतलं आणि मागे बारा माणसं राहिली. लेफ्टनंट कर्नल सत्यस्वरूप शर्मा त्यांचे प्रमुख. १९८४ च्या मार्चपासून पुढचं जहाज येईपर्यंत ही बारा माणसं आणि ते घर. मध्ये कुणी आजारी पडलं, भांडण झालं, आग लागली, तरी बाहेरून मदत येण्याची शक्यता जवळजवळ नाही. आगीची धास्ती तिथे सगळ्यात मोठी असते. हवा अतिशय कोरडी, वारा प्रचंड, आणि चारही बाजूंना जगातलं सगळ्यात जास्त गोडं पाणी, पण दगडासारखं गोठलेलं. प्यायचं पाणीसुद्धा बर्फ खोदून, वितळवून घ्यावं लागे. मे महिन्याच्या उत्तरार्धात सूर्य जो जातो तो जुलैच्या उत्तरार्धात परत येतो. दोन महिने काळोख. हिमवादळात हाताच्या अंतरावरचं दिसत नाही.

आणि याच काळात त्यांचा देश काय काय बघत होता! ३ एप्रिलला राकेश शर्मा अंतराळात गेले. ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली. ज्यांनी या केंद्राचा ध्यास घेतला होता त्याच गेल्या. डिसेंबरच्या सुरुवातीला भोपाळची वायुदुर्घटना. बारा माणसं पृथ्वीच्या तळाशी मोजमापं घेत होती. ती थांबवायची सोय नव्हती, कारण अशा नोंदींत एक दिवस चुकला की मालिका तुटते.

आता या मोजमापांकडे वळतो, कारण दक्षिण गंगोत्री होती ती त्यांच्यासाठीच.

मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी तिथे १८४१ पासून सुरू झाल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नाजूक उपकरणं बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवलं. समुद्राकाठी, रस्त्याला लागून असलेली ती शांत वेधशाळा अलिबागला जाणाऱ्या अनेकांनी बाहेरून पाहिली असेल. या परंपरेतून घडलेली भारतीय भूचुंबकत्व संस्था पहिल्या मोहिमेपासून अंटार्क्टिकाच्या कामात आहे. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकून ध्रुवांकडे उतरतात, आकाशात हिरवा-तांबूस प्रकाश नाचतो आणि चुंबकसूची थरथरते. अलिबागला ज्याची फिकट सावली दिसते, ते दक्षिण गंगोत्रीवर डोक्यावर घडत असे. दोन्हीकडच्या नोंदी शेजारी ठेवून बघता आल्या, हे त्या केंद्राचं मोठं देणं.

दुसरी गोष्ट पुण्याची. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला जुने पुणेकर अजूनही सिमला ऑफिस म्हणतात. पुण्यातच हवामान खात्याच्या उपकरण विभागात, अॅना मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून, १९६० च्या दशकात ओझोन मोजणारं भारतीय यंत्र तयार झालं. दिसायला साधी हलकी पेटी. आत एक छोटा पंप आणि पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणाची कुपी. फुगा पेटीला घेऊन वर जातो, पंप हवा ओढून द्रावणात बुडबुडे सोडतो, हवेतल्या ओझोनमुळे आयोडीन मोकळं होतं आणि अगदी क्षीण वीजप्रवाह निर्माण होतो. जितका ओझोन, तितका प्रवाह. तो आकडा रेडिओवरून खाली येत राहतो, फुगा फुटेपर्यंत. तंत्र इतकं नितळ की एखाद्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेत समजावून सांगता येईल.

१९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ फारमन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी हॅली केंद्रावरच्या नोंदींवरून जगाला सांगितलं, की दर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अंटार्क्टिकावरचा ओझोन कमालीचा घटतो आहे. जग हादरलं. १९८७ पासून पुण्याच्या या पेट्या दक्षिण गंगोत्रीवरून आकाशात जाऊ लागल्या. कल्पना करा: वाऱ्यात हायड्रोजनचा फुगा भरायचा, तो जमिनीवर आपटून फाटणार नाही असा सोडायचा, आणि द्रावण गोठू द्यायचं नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ओझोन वाचवण्यासाठी माँट्रियल करार झाला. ओझोनचा थर कोणत्या उंचीवर किती पोखरला गेला, हे सांगणाऱ्या नोंदींमध्ये आपल्या पुण्याच्या पेटीचाही वाटा आहे. हे काम पुढे मैत्री या भारताच्या दुसऱ्या केंद्रावरून चालू राहिलं.

सहाव्या मोहिमेचं, म्हणजे १९८६-८७ च्या, नेतृत्व दोनापावलाच्या संस्थेतले डॉ. अरुण पारुळेकर यांनी केलं. पुढे बाराव्या मोहिमेचे नेते त्याच संस्थेतले डॉ. विनोद धारगळकर. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरून उठून ही माणसं त्या बर्फावर नेतृत्व करायला गेली.

इकडे मोजमापं चालू होती आणि तिकडे घर बुडत होतं. बुडणं सुरू झालं ते पहिल्याच वर्षापासून. अंटार्क्टिकाच्या काठावर नवा हिम पडतो तो थोडा, पण वाऱ्याबरोबर जमिनीलगत धावणारा हिम फार. सपाट पांढऱ्या पठारावर मैलोन्‌मैल अडथळा नाही. तिथे एकच घर. वारा त्याच्यावर आदळतो, आडोशाला मंदावतो आणि हातातलं ओझं तिथेच टाकतो. आपल्याकडे उन्हाळा येऊन ते वितळवेल, पण तिथला उन्हाळा ते पुरतं वितळवत नाही. दुसऱ्या वर्षी त्यावर आणखी. खिडक्या गेल्या, भिंती गेल्या, छप्पर आजूबाजूच्या बर्फाच्या पातळीला आलं आणि मग त्याच्याही खाली. माणसं वरच्या तोंडातून शिडीने उतरून घरात जाऊ लागली. वर साचलेल्या बर्फाचा भार रोज वाढणारा, आणि खालचा बर्फ सगळीकडे सारखा दबत नाही. बांधकाम पिळवटून निघतं. शिवाय अशा बंद जागेत धूर आणि वायू कोंडण्याची भीती कायमची.

काही जण दक्षिण गंगोत्रीला फसलेला प्रयोग म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या हॅलीवरून ओझोनचा शोध लागला, तेही तरंगत्या बर्फावरच. १९५६ पासून ब्रिटिशांची तिथली एकापाठोपाठ एक चार केंद्रं बर्फाने गिळली, तेव्हा कुठे त्यांनी पायांवर उचलता येणारी इमारत बांधली. जर्मनीने १९८१ मध्ये उभारलेलं नॉयमायर केंद्रही दहा-बारा वर्षांत सोडावं लागलं. तरंगत्या बर्फावर घर बांधणाऱ्याला तो बर्फ मुदत देतो, मालकी देत नाही. प्रश्न असतो मुदतीत काम किती केलं याचा. आपल्या लोकांनी ज्या मुदतीत सलग हिवाळे काढले, चुंबकत्वाच्या, हवामानाच्या, ओझोनच्या नोंदी घेतल्या, आत खडकाळ जमिनीपर्यंतची वाट शोधली आणि पुढचं घर कसं असावं हे शिकून घेतलं, ती मुदत वाया गेली असं कोण म्हणेल? हो, घाई झाली होती. पण १९८३ मध्ये घाई केली नसती तर मैत्री उभारायला लागणारी माणसंच तयार झाली नसती.

मैत्री केंद्र १९८९ मध्ये सुरू झालं, किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत, शिरमाखर ओअॅसिस या बर्फमुक्त खडकाळ टेकड्यांवर. पस्तीसेक चौरस किलोमीटरचा हा मुलूख, त्यात शंभरावर तळी. मैत्रीसमोरच्या तळ्याचं नाव प्रियदर्शिनी, आणि पाणी तिथूनच येतं. बर्फ वितळवत बसण्याची पाळी संपली. या केंद्राचा आराखडा आपल्या दिघीचा. पुण्याहून आळंदीकडे जाताना लागणारी संरक्षण खात्याची संशोधन आणि विकास आस्थापना (अभियंते) लष्करासाठी पूल आणि इतर यंत्रसामग्री तयार करते. मैत्रीचं काम तिने केलं. इमारत पोलादी खांबांवर उचललेली आहे. खालून वारा निघून जातो, हिम साचायला आडोसाच मिळत नाही. दक्षिण गंगोत्रीच्या प्रत्येक गाडलेल्या खिडकीचा धडा त्या खांबांत आहे. दहा वर्षांच्या हिशेबाने बांधलेलं हे केंद्र पस्तीस वर्षांनंतरही वापरात आहे आणि आता त्याच्या जागी दुसरं मैत्री बांधायचं ठरलं आहे.

किंमतही मोजावी लागली. ८ जानेवारी १९९० रोजी, नवव्या मोहिमेत, हम्बोल्ट पर्वतातल्या तळावर अपघात होऊन चार जण गेले: भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे तीन शास्त्रज्ञ आणि नौदलाचा एक दळणवळण तंत्रज्ञ. तिथे त्यांच्या स्मरणार्थ फलक आहे आणि तोही करार-यादीतल्या ऐतिहासिक स्थळांत नोंदलेला आहे. त्याच वर्षी दक्षिण गंगोत्रीचं काम अधिकृतपणे थांबलं. जहाजावरून आलेलं सामान उतरवण्याचा आणि आत नेण्याआधी थांबण्याचा तळ म्हणून ती जागा पुढेही कामाला येत राहिली.

तिच्या टपाल कार्यालयाची गोष्ट सांगायची राहिली. फेब्रुवारी १९८४ मध्ये दक्षिण गंगोत्रीवर टपालाची सोय झाली आणि २६ जानेवारी १९८८ पासून ते कार्यालय गोव्याच्या टपाल विभागाला जोडलं गेलं. सातव्या मोहिमेतले शास्त्रज्ञ जी. सुधाकर राव हे तिथले पहिले मानद पोस्टमास्तर. पहिल्या वर्षात जवळपास दहा हजार पाकिटांवर तिथला शिक्का उमटला. गोवा टपाल खात्याच्या महाराष्ट्र परिमंडळात येतो, त्यामुळे अंटार्क्टिकाचं पोस्ट हिशेबाने आपल्याच परिमंडळातलं. केंद्र बर्फाखाली गेल्यावर पोस्ट मैत्रीला हललं.

२०१२ च्या मार्चमध्ये भारताचं तिसरं केंद्र, भारती, सुरू झालं. ते मैत्रीपासून सुमारे तीन हजार किलोमीटर पूर्वेला, लार्समन टेकड्यांत, क्विल्टी उपसागर आणि थाला फियोर्ड यांच्या मधोमध समुद्रात घुसलेल्या एका भूशिरावर उभं आहे. पायाखाली पक्का खडक, आणि तोही असा की कोट्यवधी वर्षांपूर्वी भारताच्या पूर्व किनाऱ्याला चिकटलेला होता, असं भूशास्त्र सांगतं. इमारत मालवाहू कंटेनर जोडून केलेली, १३४ कंटेनर. या सगळ्याचा कारभार चालतो तो वास्कोच्या हेडलँड सडा या डोंगरी टोकावरून, मुरगाव बंदर जिथून खाली दिसतं तिथून. राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र तिथे आहे.

५ एप्रिल २०२४ रोजी भारतीवर टपाल खात्याने नवं कार्यालय सुरू केलं. त्याला प्रायोगिक पिनकोड मिळाला तो एमएच-१७१८. शिरूरच्या किंवा दौंडच्या पोस्टातून अंटार्क्टिकासाठी टाकलेलं पाकीट आधी वास्कोच्या त्या केंद्रात जातं, तिथे गठ्ठा होतो, मोहिमेतला कुणी शास्त्रज्ञ तो आपल्याबरोबर नेतो, तिथला शिक्का मारतो आणि परतीच्या जहाजाने गठ्ठा पुन्हा भारतात येतो. मग पाकीट पोस्टमनच्या हातून घरी. आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या भूगोलाच्या शिक्षकांनी वर्गातल्या मुलांकडून ही पाकिटं जरूर टाकून घ्यावीत. सप्टेंबर-ऑक्टोबरात टाकली तर जाणाऱ्या जहाजाला गाठतील.